क्लासिकलचे पीस इलेक्ट्रिकवर वाजवले की सगळा काला होतोय

तापीकाठ (भुसावळ)

नमस्कार मंडळी. हात क्लासिकलवर बसलेला आहे, नोटेशन वाचता येतं, नखं राखलेली आहेत. आता तेच पीस इलेक्ट्रिकवर वाजवायचे आहेत. 'रोमान्स' (ई मायनरमधलं, कुणाचं ते माहीत नसलेलं), बाखचा ई मायनर बुरे (जुना नाचाचा प्रकार) आणि तार्रेगाचं 'लाग्रिमा', हे तीन.

गिटार स्ट्रॅट घाटाची, तीन सिंगल कॉइल (एकाच गुंडाळीचे पिकअप, म्हणजे तारेचा कंप विजेत बदलणारे चुंबक), तारा 9-42 (पहिली ते सहावी, जाडी इंचाच्या हजारांशात). अँप 15 वॉटचा साधा प्रॅक्टिस अँप. अडचणी अशा:

बास एकमेकांत मिसळून काला होतो. तिसरी तार बाकीच्यांपेक्षा मोठ्यानं ओरडते, आणि ट्यूनर हिरवा दाखवतो तरी कॉर्ड धरली की तीच बेसूर लागते. उजव्या हाताची बोटं शेजारच्या तारेला अडखळतात. आठवड्याभरात अनामिकेचं नख करवतीसारखं झालं. वर अँपमधून सतत घूं घूं.

गिटार बदलायची नाहीये. आहे त्यातच काय करता येईल?

---

सहावी_तार (जळगाव)

भाऊ, पहिली अडचण सगळ्यात मोठी आहे, म्हणून आधी तेवढंच घेतो.

नायलॉनची तार छेडल्याबरोबर विझायला लागते. तारेची ताकद पातळ लाकडी फळीत जाते, फळी ती हवेत सोडते, शिवाय नायलॉन स्वतःही कंप खातं. क्लासिकलचे पीस हे गृहीत धरूनच लिहिलेत. तुम्ही बास सोडून दिला तरी दोन मात्रांत तो आपोआप मागे सरकतो. इलेक्ट्रिकची फळी भरीव, तार स्टीलची, ती कुणाला काही देत नाही. ओपन सहावी छेडली तर चार-पाच बार तशीच वाजत राहते. म्हणजे जे काम नायलॉन फुकटात करत होतं ते आता तुमच्या अंगठ्याला करायचं आहे.

'रोमान्स'च बघू. पहिल्या चार बारमध्ये बास ओपन सहावीचा, मधे दुसरी-तिसरी ओपन, चाल पहिल्या तारेवर: सातवा फ्रेट तीनदा, मग 7-5-3, मग 3-2-ओपन, मग ओपन-3-7. इथे काला होत नाही, कारण सगळंच ई मायनर आहे. खरी गोची पुढे ए मायनर येतो तिथे. बास ओपन पाचवीवर जातो आणि सहावीचा ई खाली घुमत राहतो. नायलॉनवर तोवर तो मेलेला असतो. इथे पाचवी वाजवल्याच्या क्षणी अंगठ्याची बाहेरची कड सहावीला टेकवायची. अंगठा पाचवीवरून निघून परत सहावीवर बसतो, एकाच हालचालीत. उलटं (सहावी वाजवून पाचवी थांबवणं) सोपं: सहावीला रेस्ट स्ट्रोक द्यायचा, अंगठा आपोआप पाचवीवर जाऊन बसतो आणि तिला गप्प करतो.

बोटांनी धरलेला बास असेल तर डाव्या हातानंही होतं. पाचवी धरणाऱ्या बोटाचं टोक जरासं वर सरकवलं की ते सहावीला नुसतं शिवतं, दाबत नाही. तेवढं पुरतं.

सराव असा: पीसमधून फक्त बास वाजवायचे, मेट्रोनोम 60. एक सुरू होतो त्याच क्षणी आधीचा बंद व्हायला हवा, मधे ना पोकळी ना गळाभेट. मग चाल. दोन्ही एकत्र सगळ्यात शेवटी. हे कंटाळवाणं आहे, पण पेडल विकत घेऊन यातून सुटका नाही.

आता आवाज. नेक पिकअप. टोन नॉब 10 वरून 5-6 वर. अँपवर बास 4, मिडल 6, ट्रेबल 4-5 पासून सुरुवात करा, बास 10 वर नेऊन 'गोडवा' शोधू नका, काला दुप्पट होईल. छेडायची जागा फ्रेटबोर्ड संपतं त्याच्या आसपास. चाल पुढे आणायची असेल तर हात तीन-चार बोटं ब्रिजकडे न्या, नॉबला हात लावायची गरज नाही.

गेन (वाढवला की आवाज फाटतो तो नॉब) शून्याच्या जवळ. ओव्हरड्राइव्ह (तो फाटलेला आवाज) का नको, तर दोन सूर एकदम विकृत झाले की त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवीन सूर तयार होतात. पंचम आणि अष्टकात ते निभावून जातात, म्हणून रॉकमधे पॉवर कॉर्ड चालते. तिसऱ्या-सहाव्या अंतरात ते नुसते खरखरतात, आणि क्लासिकल तर त्याच अंतरांनी भरलेलं आहे.

कॉम्प्रेसर (लहान-मोठा आवाज सारखा करणारं पेडल) असेल तर 3:1 च्या आसपास, अटॅक 20-30 मिलिसेकंद, म्हणजे नखाचा पहिला टक् शाबूत राहतो. याहून जास्त दाबलं की तारेवर बोट सरकल्याची चिरचिर आणि अँपची घूं घूं दोन्ही वर येतात. रिव्हर्ब हॉल, दीड-दोन सेकंद, मिक्स 15-20 टक्के. बाथरूममधे वाजवल्यासारखं वाटलं तर निम्मं करा.

आणि 'अकूस्टिक सिम्युलेटर' म्हणून पेडल मिळतं ते घेऊ नका. ते स्टीलच्या तारांच्या अकूस्टिकची नक्कल करतं, तुम्हाला जायचंय त्याच्या उलट्या दिशेला.

---

नट_आणि_सॅडल (धुळे)

तिसऱ्या तारेचं माझ्याकडून घ्या.

10-46 किंवा 9-42 च्या सेटमधे तिसरी तार साधी असते, वेटोळं नसलेली (9 च्या सेटमधे 16, 10 च्या सेटमधे 17). ती ओरडते त्याची दोन कारणं. एक, सगळी तार भरीव लोखंड असल्यामुळे चुंबकाला जास्त लागते. दोन, तुमच्या पिकअपचे खिळे कमी-जास्त उंचीचे असतील तर ती उंची जुन्या काळच्या वेटोळ्याच्या तिसऱ्या तारेसाठी ठरवलेली आहे. तिसऱ्याचा खिळा मुद्दाम वर ठेवलेला असतो. साधी तार लावली की तो फायदा उलटा पडतो. स्ट्रॅटच्या सिंगल कॉइलचे खिळे हे बहुधा चुंबकच असतात, ठोकून खाली ढकलायचा प्रयत्न करू नका, आतली तार तुटते आणि पिकअप कायमचा गप्प होतो.

बेसूर लागण्याचं कारण वेगळं. तार दाबली की ती थोडी ताणली जाते. त्या ताणानं सूर किती चढणार हे आतला लोखंडी गाभा किती जाड आहे त्यावर ठरतं. साध्या तिसरीत सगळाच गाभा, म्हणून सगळ्यात जास्त चढते. वेटोळ्याच्या तारेत गाभा बारीक असतो. त्यात क्लासिकलवाल्याचा डावा हात जड! 3-4 मिलिमीटरची ॲक्शन (फ्रेटपासून तारेची उंची) दाबायची सवय, आणि इथे फ्रेट उंच, तार बारीक. फ्रेटच्या अगदी मागे बोट ठेवून सूर खणखणीत लागतो तेवढाच दाब द्या. ट्यूनर लावून बघा: ओपन बरोबर, दुसरा फ्रेट हलका दाबून बरोबर, जोरात दाबून 10-15 सेंट वर (100 सेंट म्हणजे एका फ्रेटचं अंतर). तुमच्या कानाला खटकतंय ते बहुतेक हेच.

उपाय म्हणजे वेटोळ्याची तिसरी. दोन रस्ते.

पहिला: 9 चाच सेट ठेवून सुटी 20 ची वेटोळ्याची तार तिसऱ्या जागी. ताण थोडाच वाढतो, खालच्यातली 1 आणि 5 ही कामं सोडली तर बाकी काही हलवावं लागत नाही.

दुसरा: फ्लॅटवाउंड, 11-50 च्या आसपासचा सेट, त्यात तिसरी वेटोळ्याची येते. वरचं वेटोळं सपाट पट्टीचं असल्यामुळे बोट सरकल्याचा आवाज नाही, नखं खात नाही, बास लवकर विझतो. क्लासिकलसाठी मी डोळे झाकून हाच सांगेन. बेंडिंग विसरा मात्र.

दुसऱ्या रस्त्यानं गेलात तर ही कामं याच क्रमानं:

1. नट (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी). 20 ची तार 16 च्या खाचेत बसत नाही, अडकते. सूर लावताना 'टिंग' आवाज येऊन ट्यूनिंग उडी मारतं तेव्हा समजायचं खाच अरुंद आहे. नटच्या कानशीनं फक्त रुंद करायची, खोल नाही. खोल गेली की ओपन तार पहिल्या फ्रेटवर झणझणते आणि मग नट बदलण्याशिवाय इलाज नाही.

2. ट्रेमोलो (स्प्रिंगांवर तरंगणारा ब्रिज). 9-42 चा एकूण ताण 38 किलोच्या आसपास, म्हणजे नॉर्मल टेन्शन नायलॉन सेटच्या जवळपास तेवढाच. 11 चा सेट 50 च्या पुढे जातो. ब्रिज पुढे झुकतो. मागची एक स्प्रिंग वाढवा, किंवा लाकडी ठोकळा घालून ब्रिज कायमचा अडकवा. ठोकळाच बरा, कारण क्लासिकलच्या कित्येक पीसला सहावी डी वर उतरवावी लागते, आणि तरंगत्या ब्रिजवर एक तार उतरवली की बाकीच्या पाच चढतात.

3. ट्रस रॉड (नेकचा बाक कमी-जास्त करणारी आतली सळई). एक दिवस तारा लावून ठेवा, मग बघा. पहिला आणि सतरावा फ्रेट एकदम दाबून सातव्या-आठव्यावर तार आणि फ्रेट यांत 0.2-0.25 मिलिमीटर फट हवी, पातळ व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी. जास्त असेल तर घड्याळाच्या दिशेनं पाव फेरा, आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी. एकाच दिवशी पूर्ण फेरा देणाऱ्यांमुळेच रिपेअरवाल्यांचं पोट भरतं.

4. ॲक्शन. बाराव्या फ्रेटवर पहिली 2.0, सहावी 2.4 मिलिमीटर. पिकनं वाजवणारे याहून खाली ठेवतात, पण बोटानं छेडलेली तार जास्त झुलते, खाली ठेवली तर अंगठ्याच्या प्रत्येक रेस्ट स्ट्रोकला फ्रेटवर आपटेल.

5. इन्टोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागणं) सगळ्यात शेवटी. बाराव्यावर दाबलेला सूर हार्मोनिकपेक्षा (तिथेच तार नुसती शिवून निघतो तो सूर) चढा असेल तर सॅडल (ब्रिजवरचा तारेखालचा ठोकळा) मागे, उतरा असेल तर पुढे. वेटोळ्याच्या तिसरीसाठी सॅडल बहुधा नेककडे पुढे आणावं लागेल.

पिकअपही खाली घ्या. शेवटचा फ्रेट दाबून सहावीकडे 3, पहिलीकडे 2.2 मिलिमीटर. सिंगल कॉइल जवळ असला की चुंबक सहावीला ओढतं, वरच्या फ्रेटवर सूर लटपटतो. ते ट्यूनिंगचं दुखणं समजून लोक उगाच चाव्या पिळत बसतात.

---

पिकवाला (नंदुरबार)

सगळं बरोबर, पण बोटांनीच वाजवायचा हट्ट कशाला? हायब्रिड करा की. पिक अंगठा-तर्जनीत, 1 मिलिमीटरचं, बाकी मधलं बोट, अनामिका, करंगळी मोकळी. नखांचा प्रश्नच मिटतो, बास ठसठशीत येतो.

---

सहावी_तार (जळगाव)

बुरेला मान्य. दोनच आवाज आहेत, खाली पिक, वर मधलं बोट, उलट बोटांपेक्षा सुबक वाजतो. 'रोमान्स'ला नाही. तिथे दर मात्रेला तीन सूर आणि त्यातला चालीचा सूर अनामिकेचा. हायब्रिडमधे सगळं एकेक बोट सरकतं आणि चाल करंगळीच्या वाट्याला येते. सगळ्यात दुबळ्या बोटाला सगळ्यात मोठा आवाज काढायला सांगणं झालं ते. शिवाय पिक धरलेल्या अंगठ्यानं सहावी थांबवता येत नाही, आणि मी वर जो प्रकार सांगितला तो सगळा वाया.

मधला मार्ग म्हणून अंगठ्यात घालायचं थंबपिक आहे, पण ते टोचून बाहेर येतं, अंगठ्याची कड तारेला टेकवायला कोन बदलावा लागतो. महिनाभर द्यायची तयारी असेल तरच.

---

अनामिका (चाळीसगाव)

नखांबद्दल आणि उजव्या हाताबद्दल थोडं.

तारा 10.5 मिलिमीटरवर असतील तर बोटं अडखळणारच. नवीन पद्धतीच्या ब्रिजवर पहिली ते सहावी 52.5 मिलिमीटर, जुन्या पद्धतीच्यावर 56. क्लासिकलला साधारण 58. पट्टीनं मोजून बघा तुमचा कुठला आहे. नटकडे फरक अजून जास्त, क्लासिकलचा नट 52 मिलिमीटर, तुमचा 42 च्या आसपास. म्हणून डावं बोट तिरकं पडलं की शेजारची तार मरते. डावा अंगठा नेकच्या मागे मधोमध ठेवलात, जसा क्लासिकलला ठेवता तसाच, तर बोटं उभी पडतात. इलेक्ट्रिक हातात आली की अंगठा वरून डोकावायला लागतो, तिथेच घात होतो.

उजव्या हाताला हालचाल लहान करा. क्लासिकलला बोट तळव्याकडे जितकं येतं त्याच्या निम्मं. आवाज अँप देतोय, तुम्ही नाही. मनगट फार कमानदार नको. आणि करंगळी बघा: स्ट्रॅटचा व्हॉल्यूम नॉब पहिल्या तारेच्या अगदी जवळ असतो, हात ब्रिजकडे गेला की तो नकळत फिरतो आणि मधेच आवाज बसतो.

गिटार पायावर कशी ठेवता हेही. उजव्या मांडीवर ठेवून वाकून वाजवलं तर डावं मनगट मोडल्यासारखं वळतं. पट्टा बसूनही घाला, आखूड करा, नेक 40-45 अंशांवर, हेडस्टॉक खांद्याच्या उंचीवर. मग क्लासिकलची सगळी बोटं आहेत तशी लागतात. उलट 'लाग्रिमा'ची सुरुवात (पहिली आणि चौथी तार, 4-2, 5-4, 7-6) इथे जास्त सोपी जाते, नेक बारीक असल्यामुळे ताण येत नाही.

आता नखं. साध्या वेटोळ्याची तार म्हणजे कानसच, चौथी-पाचवी-सहावी नख खातात. तुमचं मात्र अनामिकेचं गेलंय, म्हणजे पहिल्या तारेनं गेलंय. 9 ची तार नखाला सुरीसारखी चिरते. नख बोटाच्या पुढे 1 मिलिमीटरच ठेवा, आधी मांस लागेल मग नख. कानस मारून झाली की 1000 आणि मग 2000 चा पॉलिश पेपर, कड काचेसारखी होईपर्यंत. खाच राहिली की तार तिथेच अडकून फाडते. एका बाजूनं करवत झाली असेल तर बोट फार सरळ येतंय, थोडं डाव्या कडेनं वाजवा.

तेवढ्यानं भागलं नाही तर जेल नखं. ब्युटी पार्लरमधे करून देतात, लाजू नका, तीन बोटांचीच करा म्हणून सांगा. तात्पुरतं म्हणजे पिंगपाँगच्या चेंडूचा तुकडा नखाच्या खालच्या बाजूनं चिकटवणे, जुनी युक्ती आहे.

आपल्याकडची खास गोष्ट: मे महिन्यात कूलरसमोर बसून वाजवू नका. त्या दमट हवेत नख मऊ पडतं आणि तासाभरात झिजतं, तारा आठवड्यात गंजतात. भांडी-कपडे धुऊन लगेचही नको, अर्धा तास जाऊ द्या.

---

तापीकाठ (भुसावळ)

खूप आभार सगळ्यांचे. मोजलं, 52.5 निघालं. एक भाबडा प्रश्न: इलेक्ट्रिकलाच नायलॉनच्या तारा लावल्या तर?

---

नट_आणि_सॅडल (धुळे)

आवाजच येणार नाही. पिकअपला लोखंड हलताना दिसलं तरच तो बोलतो, नायलॉन त्याला दिसत नाही. शिवाय नायलॉनची पहिली तार 0.7 मिलिमीटरची आणि तुमची 0.23 ची, नटच्या खाचेत मावायचीही नाही.

आणि उलटा प्रयोग तर मुळीच नको. क्लासिकलला स्टीलच्या तारा लावल्या की ब्रिज उखडतो, किंवा फळी फुगते.

---

घूं_घूं_विरोधी (जळगाव)

घूं घूं राहिलीच की भो.

तारांना हात लावल्यावर कमी होते? मग गिटार ठीक आहे, सिंगल कॉइल आजूबाजूची वीज पकडतोय. खोलीत पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर असेल तर आधी पंखा फुल करा किंवा बंद करा, मधल्या नंबरवर तो सगळ्यात जास्त किरकिर करतो. कूलरची मोटर आणि एलईडी ट्यूब यांच्यापासून दूर, आणि बसल्या जागी गिटार गोल फिरवून बघा, एखाद्या दिशेला आवाज निम्मा होतो. तिथेच खुर्ची.

सिलेक्टर (पिकअप निवडायची कळ) दुसऱ्या किंवा चौथ्या जागी टाका. मधला पिकअप उलट गुंडाळलेला असेल (आजकाल बहुतेक असतो) तर घूं घूं जवळजवळ जाते. चौथी जागा म्हणजे नेक आणि मधला एकत्र. आवाज जरा पोकळ येतो, पण क्लासिकलला चालतो, मला तर नुसत्या नेकपेक्षा बरा वाटतो.

लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर अँप लावत असाल तर स्वस्तातला चौकोनी लाटेचा इन्व्हर्टर भयंकर भणभणतो. त्यावर उपाय साइनवेव्ह इन्व्हर्टर, नाहीतर लाइट येईपर्यंत अँपशिवाय सराव. बास थांबवण्याचा सराव तसाही अँपशिवाय होतो.

हात लावल्यावर घूं घूं वाढत असेल, किंवा तारेला मुंग्या आल्यासारखं जाणवत असेल, तर तिथेच थांबा आणि प्लग काढा. बोर्डाला अर्थिंग नाही, किंवा कुणीतरी अँपच्या तीन पिनी प्लगची जाड पिन कापून ठेवलीय. आपल्याकडे उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा पार कोरडा पडतो, मीठ-कोळसा असला तरी ओल हवीच. दोन-चार दिवसांनी बादलीभर पाणी टाकायचं. पिनेचं आणि बोर्डाचं काम मात्र वायरमनकडूनच.

---

तापीकाठ (भुसावळ)

पंख्याचा रेग्युलेटरच निघाला. फुल केला, तीन चतुर्थांश आवाज गेला. फ्लॅटवाउंड मागवतोय. नटच्या कानशी इथे मिळत नाहीयेत, त्याला काही?

---

नट_आणि_सॅडल (धुळे)

जुन्या सेटमधली 9-10 ची साधी तार असेल ना, पहिलीची, तिचा वीतभर तुकडा घ्या. त्यावर 600 चा पॉलिश पेपर एकच वेढा घट्ट गुंडाळून खाचेतून मागे-पुढे ओढा. हेडस्टॉककडे किंचित उतार राहू द्या, म्हणजे तार खाचेच्या फ्रेटबोर्डाकडच्या कडेवरच टेकते. दहा वेळा ओढलं की तार बसवून बघा. खाचेत सैल हलायला नको आणि चिमटायलाही नको. मग पेन्सिलचं शिसं घासून खाचेत भरा, नवीन तार चढवा.